डबीतलं ऊन

माणूस जन्मभर आपल्या खऱ्या चेहऱ्याच्या शोधात असतो, असं थोर लोकांनी वेगवेगळ्या शब्दांत सांगून ठेवलं आहे. आमच्या घरातला हा शोध गारखेड्यातल्या एका ब्यूटी पार्लरमध्ये, नाश्ता आणि जेवण यांच्या मधल्या वेळात उरकला. घाई होती. दुपारी सत्कार होता.

सत्कार माझ्या सासूबाईंचा, म्हणजे आईंचा. चिकलठाण्याच्या पुढं, जालना रोडपासून जरा आत त्यांची मोसंबीची बाग आहे. सासरे गेल्यापासून ती त्यांनी एकटीनं सांभाळली. म्हणजे कागदावर एकटीनं, प्रत्यक्षात वस्तीवरच्या बायांची एक टोळी घेऊन. एका संस्थेनं त्यांना आदर्श महिला शेतकरी ठरवलं. संस्था कुणाला आदर्श ठरवते म्हणजे शाल आणि नारळ देते, आणि त्या निमित्तानं आपल्या अध्यक्षांना भाषण करू देते. अशा कार्यक्रमांना मी शक्यतो मागच्या रांगेत पंख्याखाली बसते. या वेळी सुटका नव्हती.

सभागृहाचा फ्लेक्स आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर आला. आपल्याकडं फ्लेक्सवाला न सांगता सगळ्यांना गोरं करतो. पुढाऱ्यांना करतो, वाढदिवसाच्या बाळाला करतो, श्रद्धांजलीच्या फोटोतल्या माणसालाही सोडत नाही. आईही त्यात सायीसारख्या झाल्या होत्या. दुसऱ्या घरात हसून विषय संपला असता. माझ्या नणंदेनं वेगळाच निष्कर्ष काढला.

“लोक फ्लेक्स बघणार आणि स्टेजवर आई वेगळीच दिसणार. बरं दिसतं का ते, वहिनी?”

फ्लेक्स छापून झाला होता, तो बदलता येत नव्हता. आई बदलता येत होत्या.

पार्लरवालीनं मन लावून काम केलं. थरावर थर चढवले आणि खुर्ची आरशाकडं फिरवली. आईंनी आरशात पाहिलं, मग मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.

“ही कोण बाई बसवली इथं?”

“तूच आहेस गं आई. किती फ्रेश दिसतेयस!”

“म्या? म्या लग्नात बी अशी नव्हते.”

“फ्लेक्सवर अशीच आहेस.”

“मग त्या फ्लेक्सलाच शाल घाला. म्या नाय येत.”

आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. “माझ्या बाया टेम्पो करून येऊ लागल्यात,” त्या म्हणाल्या. “त्यास्नी पार मागं बसवतील. लांबून काय दिसंल? तोंड. ते बघून त्यांनी म्हणावं, ही आपली. हे तोंड बघून म्हणतील, कुण्या सायबाची बायको आली.”

पार्लरवालीनं कपाळाचा एक कोपरा पुसून बघितला, तर रंग निघायच्या आधी लाल चट्टा उठला. लग्नाचा पक्का मेकअप होता तो, रडारडीला पुरून उरणारा. आई हाताची घडी घालून बसल्या.

तेव्हा मला कपाटातली डबी आठवली. अमेरिकेतल्या मामेबहिणीनं मागच्या खेपेला माझ्यासाठी दोन वस्तू आणल्या होत्या. एक सेल्फ-टॅनर, म्हणजे लावून झोपलं की सकाळी माणूस उन्हात हिंडून आल्यासारखा दिसतो असं लोशन. दुसरी ब्रॉंझर, म्हणजे तांबूस-तपकिरी पावडरची चपटी डबी; काम तेच, पण ताबडतोब. जालना रोडवर मे महिन्यात जे नको म्हटलं तरी मिळतं, ते तिकडं दुकानात विकत मिळतं, हे मला बरंच उद्बोधक वाटलं होतं. कुतूहलापोटी लोशन लावलं आणि हात न धुता झोपले. सकाळी तळवे केशरी. ऑफिसात जो तो विचारी, “कुणाची हळद होती?” त्यानंतर डबी उघडायचं धाडस झालं नव्हतं.

घर जवळच होतं. स्कूटीवर जाऊन डबी घेऊन आले.

पहिला हात चुकला. ब्रश भरभरून फिरवला आणि आई भाजलेल्या विटेसारख्या दिसायला लागल्या. “वहिनी, अगं काय करतेस!” नणंद ओरडली. मग मी ब्रश झटकला, आईंचं मनगट उचलून त्यांच्या गालाशेजारी धरलं आणि त्याच्याशी रंग जुळवत गेले. ऊन आधी जिथं पडतं तिथं आधी, नाकाचा शेंडा, गालाची हाडं, हनुवटी. डोक्यावरच्या पदराची सावली असते तिथं, केसांच्या कडेला आणि कानाजवळ, हलका हात. हळूहळू आरशातली ती बाई निघून गेली आणि आमच्या आई येऊन बसल्या. नणंद पुढं झाली. मग तिनं माझ्या हातातला ब्रश घेतला.

“डोळ्यांखाली राहिलंय. पण तिथले वांग नाही हं दाखवणार, आई. तेवढं तरी माझं ऐक.”

“बरं. तुझा बी मान राहू दे.”

डबीच्या पाठीवरचं इंग्रजी तिनं आईंना मराठीत सांगितलं, “सूर्यानं मुका घेतल्यासारखा रंग म्हणे.”

“मुका?” आई म्हणाल्या. “इतकी वर्सं बागंत उभी हाय, मेल्यानं कधी घेतला नाय. निस्ता डोळे वटारतो.”

शेजारच्या खुर्चीतली नवरी इतकी हसली की तिची एक भुवई पुन्हा काढावी लागली.

सभागृहात आईंचं नाव पुकारलं. निवेदकानं फ्लेक्सकडं पाहिलं, पहिल्या रांगेकडं पाहिलं आणि एका गोऱ्यापान बाईंना हात जोडून “यावं, यावं” म्हणाला. त्या अध्यक्षांच्या पत्नी होत्या. त्या उठायलाही लागल्या. एवढ्यात पार मागून आवाज आला, “अवो, ती नाय! आमची ती, हिरव्या लुगड्यातली!” आणि शेवटच्या दोन रांगा उभ्याच राहिल्या.

आई ताठ मानेनं पायऱ्या चढल्या. अध्यक्ष शाल उलगडून उभे होते. त्यांना हातानंच थांबवून त्या माईकपाशी गेल्या.

“आधी माझ्या बायांना वर येऊ द्या. मग घाला.”

व्यासपीठ बघता बघता भरलं. मानाच्या खुर्च्या मागं सरकल्या, हारांचं टेबल कोपऱ्यात गेलं, प्रमुख पाहुणे पडद्याला टेकले. एका बाईनं आईंचा गाल दोन्ही हातांत धरून कुरवाळला, रंग टिकला. मी सत्काराला टाळ्या वाजवणाऱ्यांतली नाही. त्या दिवशी उभं राहून वाजवल्या, आणि शेजारी नणंद डोळे पुसत चक्क शिट्टी मारत होती.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. त्यात अध्यक्षांची पाठ आहे, नारळ आहे, आणि शालीखालून आईंचं उजवं कोपर दिसतं. कोपराला आम्ही काहीच लावलं नव्हतं.