तिसरा तबला

आमच्या नाटकातल्या राणीला घाबरायची परवानगी नव्हती. सरांनी पहिल्याच वाचनाला बजावलं होतं, "ही बाई रडणार नाही, थरथरणार नाही. मान कायम ताठ." मी मान ताठ केली. आत काय चाललं होतं ते सरांना कळायचं कारण नव्हतं, कारण मी ते कोणालाच सांगितलं नव्हतं.

सर म्हणजे इतिहासाचे निवृत्त शिक्षक आणि आमच्या हौशी मंडळाचे लेखक, दिग्दर्शक आणि वेळ पडली तर पडदा ओढणारे. त्यांनी संगीत नाटक लिहिलं ते ब्रह्मदेशच्या शेवटच्या राणीवर. इंग्रजांनी तिला आणि राजाला राज्यावरून उचललं आणि आमच्या रत्नागिरीत आणून ठेवलं. राजा इथेच गेला. त्याचा देह मायदेशी नेऊ द्या म्हणून ती मागत राहिली, आणि शेवटी तिला परत जाऊ दिलं ते तो देह इथेच ठेवून. टेकडीवरचा तो राजवाडा आम्ही शाळेच्या सहलीपासून बघत आलोय, पाहुणे आले की त्यांनाही दाखवतो. पण तिथल्या एका बाईने रोज उठून खाडीकडे बघत दिवस काढले, हे कधी मनात येत नाही. सर तिला सम्राज्ञीच म्हणायचे. राणी म्हटलं की पत्त्यातली वाटते, असं त्यांचं म्हणणं.

पदांना चाली माझ्या मोठ्या भावाने लावल्या. दादाचं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, आणि घरी ओटीवर चादर पांघरून ठेवलेली पायपेटी, म्हणजे पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन. बाबा मुंबईला नोकरीला असायचे, तेव्हा माझं गाणं वाढवलं ते दादानेच. माझा आवाज कुठे सुखाने फिरतो आणि कुठे अडतो, हे त्याला माझ्याआधी कळतं. शेवटचं पद त्याने माझ्याच गळ्यावर बेतलं होतं. राणी गोऱ्या अधिकाऱ्यासमोर उभी राहून नवऱ्याचा देह मागते, आणि मागता मागता स्वर चढत जाऊन वरच्या पंचमावर थांबतो. तिथे मी आधी हसत हसत जायचे.

आणि मग मानेत गाठ निघाली.

कोल्हापूरला ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, सगळ्यांनी पेढे वाटले. पण आवाजाची नस त्या गाठीला चिकटूनच जाते, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. नंतर काही महिने मी घोगऱ्या आवाजात बोलत होते. मी शाळेच्या ऑफिसात काम करते, तिथे फोन उचलला की पलीकडचा माणूस म्हणायचा, "काका, जरा मॅडमना द्या." मीही हसायचे. हळूहळू आवाज परत आला, गाणंही आलं. नाटक बाजूला पडलं होतं, ते सरांनी पुन्हा काढलं आणि स्पर्धेत नाव घातलं. राणीच्या कामासाठी दुसरी कोणी बघूया, असं एकदाही म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर फार बरं झालं असतं.

कारण आवाज पूर्ण परत आला नव्हता. वरच्या पंचमाला गेलं की कधी तो लागायचा, कधी नाही. फाटायचा नाही, बेसूर व्हायचा नाही. नुसता नाहीसा व्हायचा. तोंड उघडं, पोटात श्वास, आणि बाहेर काही नाही. जिना उतरताना शेवटची पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं व्हायचं. लागेल की नाही हे आधी कळायची काहीच सोय नव्हती. भीती त्याची होती.

दादा म्हणाला, "बाय, पट्टी खाली घेऊया गो. पांढरी चार. कोणाला कळणार हाय?" पट्टी म्हणजे गाणं किती उंचावरून धरायचं ते. माझी पट्टी लहानपणापासून काळी चार. पांढरी चार म्हणजे तीन स्वर खाली, मऊ गादीवर बसून गाण्यासारखं. मी साफ नाही म्हटलं. वर त्याच्यावरच तडकले, की मग माझं पद राजालाच दे ना, तो खालीच गातो. हट्टापायी म्हणा, पण मला पक्कं माहीत होतं की एकदा खाली आले की मी पुन्हा वर जाणार नाही. माझ्या लेखी तो स्वर गेला म्हणजे गाणं गेलं.

मग मी चोरून सराव करायला लागले. घरी गायलं तर दादाला कळेल, त्याचं घर कुंपणापलीकडेच. म्हणून रविवारी सकाळी स्कूटी काढून आरे-वारेच्या समुद्रकिनाऱ्यावर जायचे, पर्यटक यायच्या आत, आणि लाटांच्या तोंडावर पद म्हणायचे. तिथे एक सोय होती. आवाज गेला तरी लाटांच्या गाजेत मलाच कळायचं नाही. परत येताना मी स्वतःला सांगायचे, आज लागला असणार. पन्नाशीच्या बाईने स्वतःला असं फसवत समुद्रावर ओरडावं, याचं मला तेव्हा हसूही येत नव्हतं.

आमच्या मंडळाची रीत अशी की प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात दादाच्या आणि माझ्या मूळ गावच्या ग्रामदेवतेला कौल लावायचा. गुरव देवाच्या अंगावर उजवीकडे आणि डावीकडे ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि प्रश्न विचारतो. उजवी पाकळी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. दादा या बाबतीत भलताच कडक. विहीर कुठे खणायची, घरावरची कौलं कधी चाळायची, सगळं देवाला विचारून. बाजारात हमरस्त्यावर चांगला गाळा मिळत होता, देवाने डावा दिला, तर आजतागायत दुकान गल्लीतच आहे. माझ्या ऑपरेशनलाही उजवा मिळाल्यावरच तो माझ्याबरोबर कोल्हापूरच्या गाडीत बसला. मी तेव्हा खूप चिडले होते. डावा पडला असता तर काय गाठ घेऊन फिरले असते?

त्या दिवशी गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां नाटकाक उभी ऱ्हातत, त्यांका यश दी!" आम्ही सगळे "व्हय म्हाराजा!" म्हणालो आणि उजवी पाकळी झटकन पडली. सरांनी खिशातून रुमाल काढून डोकं पुसलं. आम्ही देवळाच्या पायऱ्या उतरायला लागलो, तेवढ्यात दादा म्हणाला, "तुम्ही व्हा पुढे. मी येतो." तो पुन्हा आत गेला.

आम्ही खाली आंब्याच्या सावलीत उभे राहिलो. दादा बराच वेळ आला नाही. आला तेव्हा त्याचा चेहरा पडलेला होता. मी विचारलं, "काय विचारलंस?" तो म्हणाला, "काय नाय. दुकानाचा." दुकानाचं असतं तर त्याने सगळ्यांसमोर विचारलं असतं.

त्या दिवसापासून मला नुसती धास्ती. मला वाटलं, याने माझ्या गाठीचं विचारलं. ती परत येणार का, असं विचारलं, आणि देवाने नको ते सांगितलं. मी देवाला फारशी मानत नाही, पण दादाच्या चेहऱ्याला मानते. आंघोळ करताना मान चाचपायची. आरशात गिळून बघायची. घरात कोणी काही विचारलं की अंगावर धावून जायची, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडायची. राणीला ते करायला बंदी होती, मला नव्हती.

रंगीत तालमीच्या दिवशी आणखी एक गोष्ट दिसली. आमचे तबलजी सावर्ड्याहून एसटीने यायचे. तबला ज्या त्या पट्टीत लावावा लागतो, म्हणून ते दोन तबले आणायचे, एक राजाच्या पट्टीचा आणि एक माझ्या. राजा जयगडच्या बंदरावर क्रेन चालवतो, त्याचा आवाज खर्जातला. त्या दिवशी तबलजींच्या मांडीशेजारी पंचा टाकलेला तिसरा तबला होता. मी म्हटलं, "हा कोणाचा हो?" ते म्हणाले, "असू दे ताई, एखादा फुटला तर." आणि दादाकडे बघितलं. दादा पायपेटीच्या भात्यात नाक खुपसून बसला होता. मला काहीच संशय आला नाही. भीती माणसाला भारी मंद करते.

प्रयोगाचा दिवस आला. नाट्यगृहात उकाडा, विंगेत डासांच्या अगरबत्तीचा वास. मी जरीचं लुगडं ब्रह्मी पद्धतीने गुंडाळून उभी होते. पहिले दोन अंक कसे गेले मला सांगता येणार नाही. राजा मेला, छान मेला, टाळी घेऊन गेला. मी त्याच्या शवपेटीवर शाल घातली आणि मनात एकच हिशोब, आता पदाला किती वाक्यं उरली. अधिकाऱ्याचं शेवटचं वाक्य आलं, "तो देह इथून हलणार नाही." मी वळले. दादाने सुरुवात केली.

पांढरी चार.

पहिल्याच स्वराला कळलं. खाली, रंगमंचासमोरच्या वादकांच्या खड्ड्यात, तबलजींनी पंचा काढला होता आणि तिसरा तबला मांडीशी होता. म्हणजे हे सगळं ठरलेलं होतं, मला न सांगता ठरलेलं होतं. आणि देवळात पुन्हा आत जाऊन विचारलं ते हेच होतं, बाईची पट्टी उतरवू का? माझ्या गाठीशी त्याचा काही संबंध नव्हता. खरं सांगते, आधी मला सुखच झालं. गाठ नाही, काही नाही, आणि पंचम हाताशी येऊन बसलाय. म्हणून टाकावं पद आणि जावं घरी. प्रेक्षकांत कोणाला काय कळणार होतं?

आणि मग राग आला. मला विचारायचं नाही, देवाला विचारायचं? माझा आवाज, आणि त्याची रदबदली माझ्या पाठीमागे गुरवासमोर? राणीच्या नवऱ्याचं काय करायचं हेही असंच तिला वगळून ठरवलं होतं. दादाचा तुकडा संपला, मी तोंड उघडलं आणि पद काळी चारमध्ये धरलं.

पायपेटी गप्प झाली. तबलाही गप्प. अख्ख्या नाट्यगृहात माझा एकटीचा आवाज, आणि त्याच्यावर माझा कवडीचा भरवसा नाही. आता ओरडून सगळ्यांना थांबवावं असं वाटलं. घाम कानामागून मानेवर उतरत होता. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. अधिकाऱ्याचं काम करणारा पोरगा मागे सरकला, ते नाटकात नव्हतं. मग चढण आली. मी वर जात राहिले आणि पंचमावर हात उचलला.

आणि काही नाही. तोंड उघडं, श्वास भरलेला, आवाज नाही.

त्या शांततेत खालून पायपेटीचा स्वर आला. तो पांढरी चारचा नव्हता. माझ्या काळी चारचा वरचा पंचम, एकच स्वर, सरळ, न हलणारा. दादाने तो धरून ठेवला. त्याचा पाय भात्यावर चाललेला मला दिसत होता. मी तोंड उघडं ठेवून, हात पसरून उभी होते आणि स्वर माझ्याऐवजी तो म्हणत होता. कुठेतरी मला माझा श्वास सापडला. तिथून खाली येता आलं, षड्जावर येता आलं, आणि तोवर तबलजींनी माझा तबला ओढून ठेका धरला होता. पडदा पडला. सर विंगेत म्हणाले, "मुकं होऊन मागितलंत! हे तालमीत नव्हतं." मी म्हटलं, "हो, ऐनवेळी सुचलं."

आमचा नंबर आला नाही. परीक्षकांना पट्टीचा गोंधळ कळला असणार, आणि कळला नसता तर मला त्यांची कीव आली असती.

पायपेटी टेम्पोत चढवल्यावर मी दादाला गाठलं. सगळा राग जिभेवर तयार होता. म्हटलं, "देवाने उजवा दिला म्हणून माझं गाणं खाली ओढलंस, होय ना?"

दादा दोरी बांधत होता. दोरीवरचा हात थांबला.

"उजवा खंय दिलान?" तो म्हणाला. "डावा दिलान. दोनदा इचारला गो, दोनदा डावाच. पट्टी उतरवू नको म्हणून. तरी तबला आणवला. तू तिथे तोंड उघडून उभी ऱ्हाशील आणि आवाज नाय येणार, ह्याचा भ्या वाटला मला. माझ्यानं नाय बघवणार होता."

ज्याने हमरस्त्यावरचा गाळा सोडला, त्याने माझ्यासाठी देवाचा शब्द मोडला होता. घाबरायचं काम मी एकटीच करतेय असं मला इतके दिवस वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं देवळात गेलो, चूक पदरात घे म्हणून गाऱ्हाणं घालायला. दादा उंबऱ्याशीच थांबला. नारळ माझ्या हातात देऊन म्हणाला, "तू जा पुढे. मला भ्या वाटतो." मी त्याचं मनगट धरलं आणि त्याला आत नेलं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आणि "व्हय म्हाराजा" मला मोठ्याने एकटीलाच म्हणावं लागलं, कारण दादाच्या तोंडून आवाज फुटत नव्हता.