मोडली न्हाई नं?

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. लेकीलाही नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही — घरात बोलायला कुणी उरलं नाही, एवढंच असेल.

मी लोह्याला एका कचेरीत कारकून होतो. नांदेडहून रोज बसनं जायचो. मला साखरेचा आजार निघाला तेव्हा माझ्यापेक्षा माझी बायको, सुमन, जास्त हबकली. लेक लातूरला दिलेली. तिनं आईच्या मोबाइलवर कसले कसले व्हिडिओ पाठवले — पोळीत भाज्या भरून गुंडाळायच्या, त्याला रॅप म्हणायचं. सुमननं मैद्याला नाक मुरडलं अन् ज्वारीवर आली. आता ज्वारीची भाकरी गुंडाळायची म्हणजे सोपं काम आहे का? मोडते. मग तिनं पिठाची उकड काढली, भाकरी पातळ लाटली, मऊ असतानाच तव्यावरून उतरवून ओल्या फडक्यात ठेवली. आत करडईची भाजी, मोड आलेली मटकी, गाजराचा कीस, कांद्याची पात अन् कारळाची चटणी. 'गुंडाळी' हे नाव तिनंच ठेवलं. ती जमेपर्यंत मोडलेल्या सगळ्या भाकरी तिनं स्वतः खाल्ल्या.

पहिल्या दिवशी कचेरीत डबा उघडला, तर शेजारचा म्हणाला, "काय हो, वहिनींनी बिडी वळून दिली का काय?" सगळे हसले. मीही हसलो — अन् डबा बंद केला.

एवढ्याशा हसण्याला मी भ्यालो. दुसऱ्या दिवसापासून गुंडाळ्या स्टँडामागच्या गाईला घालायच्या अन् सगळ्यांबरोबर हॉटेलात भजे खायचे, हे सुरू झालं. ते निवृत्त होईपर्यंत चाललं.

संध्याकाळी दार उघडलं की सुमनचा प्रश्न ठरलेला, "मोडली न्हाई नं?"

"न्हाई. लई मस्त होती."

पण डबा न खाणारे नवरे काय थोडे आहेत? त्याचा कबुलीजबाब कशाला? बघा — अजून आडवळणानंच चाललोय.

साखर उतरेना. कशी उतरेल? मला कारण ठाऊक होतं, तिला नव्हतं. तिला वाटलं, आपल्याच हाताला गुण नाही. तिनं देवीला नवस केला — यांची साखर उतरेपर्यंत मी गोड तोंडात घालणार नाही. सुमन! पुरणाच्या पातेल्यात बोट घालून चाटणारी बाई! तिनं चहासुद्धा बिनसाखरेचा केला.

नातवाच्या बारशाला आम्ही लातूरला गेलो. पुरणपोळ्या तिनंच केल्या, आग्रह करकरून वाढल्या. लेक म्हणाली, "आई, घासभर तरी खा की."

"ह्यांची साखर उतरू दे. मग बघ मी कशी खाते ते," ती हसत म्हणाली.

मी समोरच जेवायला बसलो होतो. ताटात पुरणपोळी होती — एकच, सणाची म्हणून. 'मी डबा खात नाही, तू तुझा नवस सोड,' एवढंच बोलायचं होतं. मी पोळीवर तूप घेतलं अन् खात राहिलो.

गेल्या उन्हाळ्यात मी निवृत्त झालो अन् त्याच महिन्यात ती गेली. साधा ताप वाटला होता. गोड न खाताच गेली.

त्यानंतर घर मला खायला उठलं. बरणीत तिची कारळाची चटणी उरली होती. एक दिवस मीच उकड काढली. आता रोज काढतो. भूक लागते म्हणून, का दुसरं काही येत नाही म्हणून, का — जाऊ द्या. चव मात्र चांगली असते. इतकी चांगली असते, हे मला ठाऊकच नव्हतं.

मागच्या महिन्यात डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "साखर उतरली की हो! काय खाऊन राहिले?"

मी रिपोर्टाची घडी करून खिशात घातली.

येताना पेढे घेतले, तिच्या फोटोपुढं ठेवले. मग स्वयंपाकघरात गेलो, भाकरी लाटली, शेकली, भाजी भरली. वळताना ती मधोमध मोडली.

उभ्यानंच खाल्ली. कुणी काही विचारलं नाही.