एक चूल

"हे आमचं सॅम्पल. कांजूरचं," माझ्याकडे बोट करून सर म्हणाले आणि सेमिनारचा हॉल हसला.

'हे' म्हणाले. 'ही' नाही.

पडद्यावरचा एकेक आकडा मी दारोदार फिरून आणला होता, कचऱ्याच्या डम्पिंगच्या बाजूच्या आमच्याच वस्तीतून. पाहणीसाठी निवडलेल्या माणसांना सॅम्पल म्हणतात, ते मलाही माहीत होतं. पण आमच्या गल्लीत सॅम्पल म्हणतात अर्धवट माणसाला. सरांनाही ते ठाऊक होतं.

मग म्हणाले, "चहा आलाय का बघ जरा."

लोकसंख्येतल्या बदलावर सरांकडेच पीएच.डी. करत होते मी. तरी उठले. बघून आले. त्या उठण्याची लाज मला अजून वाटते.

परत आले तेव्हा सर सांगत होते, ही वस्ती ओसरते आहे, कुटुंबं कमी होताहेत. समोर आमच्या गल्लीचा तक्ता होता. मी आमचं घर शोधलं. नव्हतं.

आई आणि काकू एकाच गॅसवर रांधतात. काकू सकाळीच कामावर जाते, तिच्या पोरांचे डबे आई भरते. पण दारं दोन, रेशनकार्डं दोन. मी दोन कुटुंबं लिहिली होती. सरांनी केबिनमध्ये बसून लाल पेनाने एक खोडलं. गल्लीभर हेच केलं होतं, म्हणून तर कुटुंबं कमी दिसत होती.

मी विचारलं तर म्हणाले, "नियम आहे. एक चूल, एक कुटुंब. तुमच्या लोकांत सगळं एकत्रच असतं ना?"

तुमच्या लोकांत. पहिल्या दिवशी आडनाव ऐकून सर का थबकले होते, ते तेव्हा कळलं.

घरी आईला तक्ता दाखवला.

"आपण कुठंय यात?"

"काकूच्या घरात धरलंय आपल्याला."

"मग तुझ्या सरांना म्हणावं, एकदा काकूशी भांडून बघा. घरं किती ते कळेल."

मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी सर पुढच्या पाहणीचे फॉर्म द्यायला लागले. मी हात पुढे केला नाही.

"सर, फॉर्मला आणि चहाला दुसरं माणूस बघा."

मार्गदर्शक बदलला, दोन वर्षं वाया गेली. पण फॉर्मच्या कपाटाची किल्ली परत करण्याआधी लाल रेघा मारलेल्या त्या फॉर्मच्या झेरॉक्स काढून घेतल्या होत्या.

आता मी स्वतः शिकवते. सरांचं पुस्तक येतंय, त्याच तक्त्यासकट. प्रकाशन त्याच हॉलमध्ये आहे आणि सरांची जुनी विद्यार्थिनी म्हणून बोलणाऱ्यांत माझं नाव आहे. परवा सरांचा फोन आला. "घरचंच कार्य आहे. दोन शब्द चांगले बोल."

काकूने त्या दिवसाची रजा टाकलीय. आईने साडी इस्त्रीला दिलीय. त्या दोघी पहिल्या रांगेत बसणार आहेत, शेजारीशेजारी, दोन खुर्च्यांवर. मी दोन शब्द बोलणार नाही. लोकांची नावं झाकून त्या झेरॉक्स पडद्यावर लावणार आहे आणि खोडलेलं एकेक घर वाचणार आहे. सरांची मान खाली जाईपर्यंत, आणि गेल्यावरही. मला त्यांची माफी नको आहे. त्यांचा तक्ता मोडायचा आहे, त्यांच्या माणसांसमोर.

चहा आलाय का, ते सरांनी बघावं.