बसलेला आवाज

आमच्या ह्यांना आवाज नव्हता. अगदी मुके नव्हते, शेजारी बसून कान दिला तर घशातून फसफस यायची आणि तिच्यात शब्द असायचे. पण हाक म्हणून नाही. मी स्वयंपाकघरात असले आणि ह्यांना पाणी हवं असलं, की भिंतीवर बोटाचं पेर वाजायचं. एकदा वाजलं की पाणी, दोनदा वाजलं की इकडे ये. आळीतल्या बायका चिडवायच्या, देवाने त्या घरात दोन तोंडं पाठवली, ती दोन्ही हिनेच ठेवून घेतली. मी म्हणायचे, घेतली तर घेतली, वापरते तरी.

आवाज गेला तो लढाईच्या दिवसांत. हे तेव्हा लष्कराच्या आग विझवणाऱ्या एका पथकात होते, आणि नव्या पोरांना शिकवायचं काम ह्यांच्याकडे. टायरांच्या गोदामाला आग लागली. रबराचा तो काळा, चिकट धूर, त्यात पोरं आत अडकलेली. हे दारात उभे राहिले आणि हाका मारत राहिले. धुरात वाट दिसत नाही, हाकेच्या रोखाने या, असं ह्यांनीच त्यांना शिकवलेलं. पोरं एकेक करून सगळी बाहेर आली. ह्यांचा आवाज मात्र आतच राहिला. डॉक्टरांनी घशात बत्ती घालून पाहिलं आणि सांगितलं, की आता आहे एवढंच.

लढाई संपली, पथक मोडलं, आम्ही चिंचवडला माझ्या मावशीच्या शेजारी दोन खोल्या घेऊन राहिलो. हे एका लाकडाच्या वखारीत राखणीला लागले. काम वाईट नव्हतं, पण माणूस आतून वाळत चालला होता. ज्याने जन्मभर पोरांना शिकवलं, त्याने आता ओंडक्यांना काय शिकवायचं? संध्याकाळी घरी येऊन ओट्यावर नुसते बसायचे. जेवायला वाढलं की जेवायचे.

त्या सुमारास पिंपरीच्या माळावर नवे कारखाने उठायला लागले होते. एके दिवशी हे वखारीतून आले ते टोपीत वर्तमानपत्राचा तुकडा घडी करून. एका कारखान्याला सुरक्षा-शिक्षण अधिकारी हवा होता. कामगारांना, शिवाय थेरगाव, वाकड अशा आसपासच्या गावांतल्या तरुणांना आग, पूर, अपघात अशा वेळी काय करायचं ते शिकवायचं. अर्ज मराठीत चालेल, असंही खाली होतं. हे माझ्यासमोर तो तुकडा धरून उभे होते. इतक्या वर्षांत मी ह्यांना काही मागताना पाहिलं नव्हतं.

माझं अक्षर बरं, म्हणून अर्ज मी लिहायचा ठरलं. रविवारी दुपारी ओट्यावर पाट मांडून बसलो. आता गंमत बघा, मी बाईमाणूस, आणि लिहितेय काय, तर "मी शिकवले", "मी शिडीवरून उतरलो", "मी जवानांची तुकडी तयार केली". लिहिता लिहिता मलाच छाती पुढे काढून बसल्यासारखं वाटायला लागलं. एका ठिकाणी मी "मोठ्या शौर्याने" असं घातलं, तर ह्यांनी बोट ठेवून खोडायला लावलं. मी म्हटलं, अहो, नोकरी मागायची म्हणजे जरा मिशीला पीळ द्यावा लागतो. हे मान हलवून हसले. ते हसणं मी पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

सगळं लिहून झालं आणि ह्यांनी पाटावर दोनदा पेर वाजवलं. आवाजाचं लिही, म्हणाले. मी म्हटलं, कोणी विचारलंय का? नको ते उगाच उकरून कशाला काढायचं? पण ह्यांचं एकच, शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी लपवाछपवी करायची नाही. बरं, लिहायचं तर काय लिहायचं? हे म्हणाले, आवाज गेला आहे असं लिही. माझ्याने ते लिहवेना. गेला म्हणजे काय, माणूस गेल्यासारखं. सवाष्णीने आपल्या हाताने आपल्या नवऱ्याचं काही "गेलं" म्हणून लिहायचं? मी लिहिलं, "माझा आवाज बसला आहे." ह्यांनी वाचलं आणि खाली सही केली. आणि आजही कोणी माझ्या हातात टाक दिला तरी मी तोच शब्द लिहीन, सांगून ठेवते.

काही दिवसांनी उत्तर आलं. लिहिणारे साहेब सज्जन असावेत. अर्ज फार आवडला, असा अनुभव दुसऱ्या कोणाचाच नाही, असं लिहिलं होतं. पुढे लिहिलं होतं, की परीक्षेत मैदानावर तुकडीला हुकूम देऊन कवायत करून घ्यावी लागेल, तेव्हा आपला आवाज बसला आहे हे ध्यानात घेऊन आपली परीक्षा पंधरा दिवस पुढे, उमेदवारांच्या दुसऱ्या खेपेत, ढकलत आहोत. घशाची काळजी घ्यावी.

मी ते दोनदा वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला. पडशाने बसतो तसा आवाज बसलाय, असं त्यांना वाटलं होतं. त्यांचं तरी काय चुकलं? मराठीत दोन्हीला बसलाच म्हणतात.

मी म्हटलं, आपण त्यांना खरं काय ते कळवू. ह्यांनी नको म्हणून हात केला. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पंधरा दिवस दिलेत ना त्यांनी." एवढंच. मला तरी ते पंधरा दिवस कुठे नको होते!

आणि मग आळीला जे काय झालं ते विचारू नका. ह्यांचा आवाज परत यायचा नाही हे सगळ्यांना ठाऊक. पण आता शिक्क्याच्या कागदावर साहेबाने लिहिलं होतं, की हा बसलाय, उठेल. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर सबंध आळी काडीला लोंबकळली. मावशीने हळद-दूध सुरू केलं. थेरगावहून दूध घालायला येणारा गवळी बेहड्याची सालं घेऊन आला, म्हणाला, "गालात धरून ठिवा, आमच्या बाचा घसा असाच मोकळा झाल्ता." पलीकडे सायकलचं दुकान होतं, त्या चाचांची बायको, तिला आम्ही खाला म्हणायचो. ती रोज दिवेलागणीला ज्येष्ठमधाचा काढा पेल्यात घालून आणायची आणि दारातूनच विचारायची, उघडला का आवाज? हे सगळं घ्यायचे. एकालाही नाही म्हणाले नाहीत. सकाळी नदीच्या बाजूला जाऊन घसा ताणून बघायचे. मला ते कळायचं, कारण परत आले की तोंडाकडे बघवत नसे. मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

परीक्षेच्या दिवशी मी बरोबर गेले. फाटकावरच्या रखवालदाराने मला आत सोडलं नाही, मी बाहेर बाभळीखाली बसले. भिंतीपलीकडे मैदान. आधी दुसऱ्या उमेदवारांची पाळी होती. सावधान! तेज चल! थम! एकाचा आवाज तर असा खणखणीत, की बाभळीवरचे कावळे उडाले. मग एकाएकी काहीच ऐकू येईना. तेवढ्यावरून मला कळलं, की आता हे उभे राहिलेत.

ती शांतता काही केल्या संपेना. माझ्या जिभेवर सगळे हुकूम होते, आवाज होता तेव्हा ह्यांच्याच तोंडून ऐकून पाठ झालेले. पदराचा बोळा तोंडाशी धरून मी बसले. आणि मग बूट वाजले. तुकडी चालली होती! हे हाताने खुणा करत असणार, आणि बुटांवरून कळत होतं, तुकडी वळत होती, थांबत होती, पुन्हा चालत होती. अगंबाई, मला वाटलं, झालं काम. मी उठून उभीच राहिले.

थोड्या वेळाने साहेब स्वतः ह्यांना फाटकापर्यंत सोडायला आले. चेहऱ्यावरूनच मी ओळखलं. मला म्हणाले, खुणा सुरेख केल्या, पोरं ऐकत होती त्यांचं. आणि मग म्हणाले, "पण बाई, धुरात हात कोणाला दिसणार?"

मी म्हटलं, "साहेब, हुकूम मी देते. मला सगळे येतात. हे खूण करतील, मी ओरडेन."

ते हसले नाहीत. हसले असते तर मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी खाली आपल्या बुटांकडे पाहिलं, ह्यांना नमस्कार केला आणि आत गेले.

आम्ही चिंचवडच्या रस्त्याला लागलो. मी फणफणत होते, नशिबाला, कारखान्याला, त्या कावळे उडवणाऱ्याला, सापडेल त्याला बोलत होते. पुलाशी आल्यावर ह्यांनी माझ्या हाताला धरून थांबवलं आणि कानाशी वाकून म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या जागी मी असतो तर मीही असा माणूस नसता घेतला."

आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडची दोन्ही तोंडं बंद झाली.

दिवेलागणीला खाला आली. तिला अजून काही कळलेलं नव्हतं. हातात काढ्याचा पेला, वरून फडकं झाकलेलं. दारातूनच तिने विचारलं, "उघडला का आवाज?"

मी मान फिरवली. ह्यांनी उठून तिच्या हातातून पेला घेतला, आणि रोजच्यासारखा सगळा पिऊन टाकला.