शेवाळे बाई आणि खताचे खड्डे

शेवाळे बाईंनी पहिल्या भेटीत माझं कौतुक केलं नाही, याचा मला राग आला होता. भूगावच्या आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्यापासून खत करायचं काम मी सुरू केलं होतं. कुंपणालगत दोन मोठे खड्डे, त्यात पालापाचोळा, भाज्यांची देठं. येणारा-जाणारा शाबासकी देत होता. तळमजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या या बाई मात्र खड्ड्याशी उकिडव्या बसल्या, तांबडी माती चिमटीत चोळली आणि म्हणाल्या, "इथं आधी काय होतं?"

"काही नाही. मोकळी जागा."

"मोकळी जागा नसते हो. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. विचारा."

मी विचारलं नाही. बाई सरकारी प्रयोगशाळेत आयुष्यभर माती तपासून निवृत्त झालेल्या. त्यांना सगळीकडे खोटच दिसणार, असं मी घरी म्हणालो.

मग बाईंनीच विचारलं. कुंपणापलीकडे उतारावर बबनरावांचं घर आणि विहीर आहे. सोसायटीची जमीन मूळची त्यांची. ते म्हणाले, "भाड्यानं दिल्ती जागा. हितं लाकडाचे खांब हौदात बुडवायचे, वाळवी लागू नये म्हनून. हिरवं पानी असायचं. जनावरं तोंड लावत न्हवती."

बाई तशाच माझ्याकडे आल्या. त्या औषधात आर्सेनिक असायचं, म्हणाल्या. "तांबड्या मातीतल्या लोहानं ते धरून ठेवलंय. साध्या पाण्यानं सहसा सुटत नाही, म्हणून बिल्डरचा माती-तपासणीचा अहवाल स्वच्छ आला. पण पाला कुजताना आम्लं तयार होतात, लिंबात असतात तसली. ती लोहाला चिकटतात, थोडं लोह विरघळवतातसुद्धा. मग आर्सेनिकला धरायला जागा उरत नाही. ते पाण्याबरोबर चालू लागतं."

"म्हणजे खत वाईट?"

"खत चांगलंय. जागा वाईट आहे." हे वाक्य पुढच्या वर्षभरात त्यांना किती जणांना सांगावं लागलं, आणि प्रत्येकानं त्याचं 'बाई खताच्या विरोधात आहेत' असंच कसं केलं, ते मी पाहिलंय.

त्यांनी ओट्यावर तीन बाटल्या मांडल्या. एकीत माती आणि साधं पाणी. दुसरीत तीच माती आणि ताज्या खतातून गाळलेलं पाणी. तिसरीत नुसतं खताचं पाणी. दुसऱ्या दिवशी आर्सेनिक असलं की रंग बदलणाऱ्या कागदी पट्टीनं तपासलं. पहिली आणि तिसरी पट्टी पांढरी, मधली पिवळट तपकिरी.

सभेत अध्यक्ष म्हणाले, "मॅडम, स्वयंपाकघरातल्या प्रयोगावर काम बंद करायचं? फ्लॅटचे भाव काय राहतील?" अहवाल मागवायचं ठरलं. नमुना घेतला आमच्या बोअरचा, जी खड्ड्यांच्या वरच्या अंगाला आहे. अहवाल निर्दोष आला. "विहीर खाली आहे, तुम्ही वरचं पाणी तपासलंत," बाई म्हणाल्या. मला ते पटत होतं. मी बोललो नाही.

मग बाई बबनरावांच्या सुनेकडे, सुरेखाकडे गेल्या. मी सोबत होतो. सुरेखा म्हणाली, "पानी तर निवळशंख हाय, बाई. वासबी न्हाई."

"त्याला वास नसतो, चव नसते. तीच तर पंचाईत आहे," बाई म्हणाल्या आणि पिण्याचा हंडा तिनं ओतून देईपर्यंत तिथून उठल्या नाहीत. विहिरीचा नमुना त्यांनी स्वतः प्रयोगशाळेत नेला. आर्सेनिक मर्यादेपेक्षा जास्त निघालं.

आता तरी खड्डे हलतील असं मला वाटलं. समितीनं विहिरीवर 'पाणी पिण्यास अयोग्य' अशी पाटी लावली आणि विषय संपवला. खड्डे राहिले, स्वच्छतेच्या स्पर्धेची पाहणी व्हायची होती. बाई पाटी वाचून परत आल्या आणि जिन्यात मला म्हणाल्या, "तुम्हाला कळलंय. ज्यांना कळत नाही त्यांच्यावर मी रागवत नाही. तुमच्यावर रागवलेय."

त्या वर्षाअखेर त्या लातूरला भावाकडे राहायला गेल्या. त्यानंतर महिनाभरानं मी समितीशी भांडलो, दोन रविवार फावडं घेऊन खड्डे उपसले आणि खत सिमेंटच्या टाक्यांमध्ये वरच्या अंगाला नेलं. अभिमानानं बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बरं केलंत. विहीर मात्र लगेच सुधारणार नाही, अधूनमधून तपासत राहा. सुरेखा पिण्याचं पाणी कुठून आणते?"

मला माहीत नव्हतं.

"मग खड्ड्यांचं काय सांगताय मला? जाऊन विचारा," म्हणाल्या आणि फोन ठेवला. आमचं ते शेवटचं बोलणं. पुढच्याच आठवड्यात त्या गेल्याचा निरोप आला.

मी विचारायला गेलो. सुरेखा चौकातल्या नळावरून सकाळी दोन हंडे आणत होती, वर्षभर, आमच्या फाटकावरून. ऑफिसच्या गाडीची वाट बघत मी तिथेच उभा असायचो.