सिस्टीमकाका

आमच्या नात्यात कुणाचाही कॉम्प्युटर बिघडला की तो दोनदा बिघडतो. एकदा आपला आपण, आणि दुसऱ्यांदा काका येऊन गेल्यावर.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. सगळी नोकरी त्यांनी एका विमा कंपनीच्या कचेरीत काढली. तिथे पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा त्या खोलीची किल्ली कुणाकडे तरी ठेवायची होती. काकांचं टेबल दाराला लागून होतं, म्हणून किल्ली काकांकडे आली. त्यांचं या विषयातलं शिक्षण ते एवढंच. काही अडलं की दुरुस्तीला बाहेरून माणूस यायचा. काका कुलूप उघडून द्यायचे, हाताची घडी घालून त्याच्या पाठीशी उभे राहायचे, आणि तो गेल्यावर चार टेबलांना ऐकू जाईल असं सांगायचे, "सिस्टीम करप्ट झाली होती. करून घेतली." या 'घेतली'वर त्यांनी निवृत्तीपर्यंत दिवस काढले.

सिस्टीमकाका हे नाव आम्ही भावंडांनी चेष्टेत ठेवलं होतं. त्यांना ते पदवीसारखं वाटलं. पुढे फोनवर स्वतःच म्हणू लागले, "सिस्टीमकाका बोलतोय."

निवृत्त झाल्यावर त्यांनी आपला मोर्चा नातेवाइकांकडे वळवला. मशीन बंद करून चालू करायचं, नाही जमलं तर उघडून पुसायचं, आणि त्यानेही नाही भागलं तर सगळं काढून टाकून नव्याने सिस्टीम घालायची. या शेवटच्या पायरीला ते 'फ्रेश करणं' म्हणतात. त्यांनी मावसबहिणीचा कॉम्प्युटर फ्रेश केला, तिच्या लग्नाचे फोटो गेले. आत्याचा केला, तिने तरुणपणी गायलेली गाणी गेली. आत्या रडायला लागली तेव्हा हे गृहस्थ शांतपणे म्हणाले, "पण मशीन केवढं फास्ट झालंय ते बघ."

तरी लोक त्यांना का बोलावतात, असं कुणालाही वाटेल. लोक बोलावत नाहीत. ते येतात.

आईच्या वेळीही तसंच झालं. आई कपड्यांचे कटिंगचे नमुने कॉम्प्युटरवर आखते. गळा, बाही, बगलेचा उतार, प्रत्येक मापाचा वेगळा भाग. शिलाईचे दोन कारखाने तिच्या नमुन्यांवर चालतात. वडील गेल्यानंतर तिने हे काम वाढवलं आणि त्यातच ती रमली. त्या आठवड्यात शाळेच्या गणवेशांचा नमुना पाठवायचा होता. सकाळी अपडेट आलं, आईने ते होऊ दिलं. मशीन बंद होऊन चालू झालं आणि तिथेच घोटाळत बसलं. कंपनीचं चिन्ह यायचं, खाली गोल फिरायचं, मग पडदा काळा, मग पुन्हा चिन्ह. आईने हे काकूंना फोनवर सहज बोलता बोलता सांगितलं. तासाभरात काका दारात, काखेत स्क्रूड्रायव्हरची पिशवी.

मी शाळेत शिकवते. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून घरीच होते.

"वहिनी, काळजी करू नका," काका खुर्ची ओढत म्हणाले. "अपडेट कशाला करता तुम्ही? मी कधी करतो का?"

पडद्यावर तेवढ्यात काहीतरी लिहून आलं. दुरुस्ती चालू आहे, वेळ लागेल, मशीन बंद करू नका, असं. काकांनी बटण दाबून मशीन बंद केलं.

"काका, त्यात बंद करू नका म्हटलं होतं," मी म्हणाले.

"ते तसं म्हणतंच. ते वाचत बसायचं नसतं."

असं त्यांनी तीनदा केलं. दर वेळी दुरुस्ती सुरू व्हायची आणि दर वेळी काका तिचा गळा दाबायचे. मग म्हणाले, आतून बघावं लागेल. डबा आडवा पाडला, बाजूचा पत्रा काढला, आणि आतली रॅमची पट्टी उपटून आईकडे खोडरबर मागितला. आईने दिला. काकांनी पट्टीचे सोनेरी दात घासले, फुंकर मारली, त्या फुंकरीने उडालेली धूळ स्वतःच्याच डोळ्यात घालून घेतली आणि एक डोळा मिटून पट्टी परत बसवली. मशीन चालू केलं. आता पडदा उजळलाच नाही. नुसती पी-पी-पी सुरू झाली.

"मदरबोर्ड गेला," काका म्हणाले. मयताची बातमी सांगावी तसा आवाज लावला होता.

मी वाकून पाहिलं. पट्टी एका बाजूने वर राहिली होती. दोन्ही अंगठ्यांनी दाबली, खट्‌ झालं, पीपी थांबली आणि चिन्ह परत आलं. काकांनी माझ्याकडे न पाहता मान डोलावली. "सैल होती, मला शंका होतीच."

एव्हाना इतक्या वेळा अडखळल्यामुळे मशीनने आपणहून निळा पडदा आणला होता आणि त्यावर पर्याय दाखवले होते. काकांच्या तोंडावर तेज आलं. ही वाट त्यांच्या पायाखालची होती. कुठेही न थांबता ते दाबत गेले. सगळं नव्याने घालायचं का? हो. तुमच्या फाइली ठेवायच्या की सगळं काढून टाकायचं, असा प्रश्न आला. काकांचा बाण 'सगळं काढून टाका'वर जाऊन थांबला.

"भावोजी, त्याने काय होईल?" आईने विचारलं.

"फ्रेश होईल."

"आणि माझे नमुने?"

"कॉपी असेलच की तुमच्याकडे दुसरीकडे."

"जुन्या नमुन्यांची आहे. या वर्षीचे सगळे यातच आहेत."

"मग परत काढा. तुम्हाला काय, हातचा मळ आहे तो."

आई माझ्या आठवणीत कधी कुणावर ओरडलेली नाही. तेव्हाही ओरडली नाही. पुढे झाली, माऊस काकांच्या हाताखालून काढून घेतला आणि म्हणाली, "भावोजी, उठा."

"अहो वहिनी, एकच बटण..."

"उठा. माझ्या खुर्चीवरून उठा. तुम्हाला यातलं काही कळत नाही. तुम्हाला ते माहीत आहे, मला माहीत आहे, घरात सगळ्यांना माहीत आहे. आत जाऊन बसा, मी चहा टाकते."

काका उठले. इतक्या वर्षांत त्यांना कुणी असं उठवलं नव्हतं, त्यामुळे उठल्यावर उभं कुठे राहायचं हेही त्यांना समजेना. थोडा वेळ ते दाराच्या पडद्याशी चुळबुळले आणि मग स्वयंपाकघरात जाऊन बसले. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मग आम्ही दोघींनी, कुणीही साक्षर माणूस करेल ते केलं. पडद्यावर लिहिलेलं वाचलं. मागे जाण्याचं बटण होतं, मागे गेलो. आपोआप दुरुस्तीचा पर्याय होता, तो दिला आणि या वेळी दुरुस्तीला पूर्ण चालू दिलं. मशीनने जमत नाही म्हणून सांगितलं. त्याच यादीत खाली, नुकतंच आलेलं अपडेट काढून टाकण्याची सोय होती. आईने तो मजकूर ओठांत दोनदा वाचला आणि बटण दाबलं. गोल फिरत राहिलं. स्वयंपाकघरातून काकांचा आवाज येत होता. "त्याने काही होणार नाही. वेळ फुकट जाईल. शेवटी फ्रेशच करावं लागेल."

मशीन चालू झालं. आईने सरळ गणवेशाचा नमुना उघडला, बाहीचा उतार तपासला आणि कामाला लागली. काका मागे येऊन उभे राहिले, हाताची घडी घालून. "रॅम साफ केली ना, त्याचा परिणाम," ते म्हणाले. आईने मान वर केली नाही.

त्या गोंधळात त्यांची पिशवी आमच्याकडेच राहिली. पुढच्या शनिवारी मी ती द्यायला गेले. काका आंघोळीला गेले होते. बैठकीच्या कोपऱ्यात त्यांचा स्वतःचा कॉम्प्युटर होता, वरून कापडाची खोळ. खोळीवर धूळ बसलेली.

"चालत नाही का?" मी काकूंना विचारलं.

"गेल्या वर्षापासून बंद आहे," काकू हळूच म्हणाल्या. "लेकीचे लहानपणचे व्हिडिओ आहेत आत. म्हणून याला हात लावत नाहीत. कुणाला दाखवत नाहीत, सांगतही नाहीत. मला म्हणतात, मोठा बिघाड आहे, निवांत बघू."

हे ऐकून दुसऱ्या कुणाचं मन द्रवलं असतं. माझं डोकं फिरलं. म्हणजे पुसलं की जातं, हे या माणसाला पक्कं ठाऊक होतं. लोकांची आयुष्यं पुसताना ठाऊक होतं. मी खोळ ओढून काढली आणि मशीनचं बटण दाबलं.

काका डोकं पुसत बाहेर आले, काढलेली खोळ पाहून थबकले. "वेळच झाला नाही," म्हणाले.

"बसा," मी म्हणाले. "चष्मा लावा. जे येईल ते मोठ्याने वाचा."

ते बसले. अडखळत, लहान मुलासारखं ओळीवर बोट ठेवून वाचू लागले. तोच निळा पडदा, तीच यादी. 'सगळं काढून टाका'शी आल्यावर त्यांचा आवाज थांबला.

"दाबू?" मी विचारलं.

"नको गं."

"का? फ्रेश होईल."

त्यांनी चष्मा काढला, पंच्याला पुसला, परत लावला. काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी तो विषय सोडला. अपडेट काढायचा उपाय इथे चालला नाही. मशीनने स्वतःच आधी जपून ठेवलेल्या जुन्या स्थितीवर परत न्यावं लागलं. अर्धी सकाळ त्यातच गेली. शेवटी व्हिडिओ लागला. दोन वेण्या घातलेली माझी चुलतबहीण खुर्चीवर उभी राहून कविता म्हणत होती आणि मागून काकांचा आवाज तिला चुका सांगत होता. काकू तोंडाला पदर लावून पाहत राहिल्या. काका म्हणाले, "आवाज जरा कमी येतोय. स्पीकर उघडून बघायला पाहिजे."

मी पिशवी उचलून परत घरी घेऊन आले.

त्यानंतर काकांनी कॉम्प्युटर सोडले. माझ्यामुळे सोडले असं ते म्हणत नाहीत. हल्लीच्या मशीनमध्ये दम राहिला नाही, असं म्हणतात. आता त्यांच्या इमारतीतल्या शेजाऱ्यांच्या पाण्याच्या फिल्टरवर त्यांची नजर आहे. परवा काकूंचा फोन आला. खालच्या मजल्यावरच्या बाईंचा फिल्टर काकांनी उघडला होता आणि बाईंच्या स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी झालं होतं.

"काय म्हणतायत ते?" आईने विचारलं.

"म्हणतायत, कंपनीची चूक आहे," काकू म्हणाल्या.