बुवांचा मफलर

हसायचं तर खुशाल हसा, फक्त चहाचा कप आधी खाली ठेवा. कलकत्त्यात माझी जी फजिती झाली ती ऐकताना आमच्या मेव्हण्यांनी स्वतःच्या धोतरावर चहा सांडला होता.

तेव्हा मी खिदिरपूरला कस्टममध्ये होतो. बदली होऊन नुकताच गेलो होतो आणि तिथल्या मराठी मंडळींनी मला गणपतीच्या कार्यक्रमांचा चिटणीस करून टाकलं. आता चिटणीस झालो म्हटल्यावर काहीतरी दणदणीत करून दाखवायला नको? मी ठरवलं, निरगुडकरबुवांचं गाणं करायचं.

बुवा भवानीपूरला राहायचे. माणूस देवासारखा आणि गळा त्याहून वरचा. बंगाली लोकसुद्धा त्यांच्या गाण्याला रांगा लावायचे. पण मला मंडळात सांगण्यात आलं, "बुवांशी बोलायचं नाही. कमलताईंशी बोलायचं. त्या त्यांच्या मॅनेजर आहेत."

मॅनेजर? अहो, बँकेला मॅनेजर असतो, हॉटेलला असतो. गवयाला कशाला? आमच्या लहानपणी गवयाचं सगळं त्याचा मेव्हणा नाहीतर तबलजी बघायचा. बघायचा म्हणजे काय, जेवण कुठे चांगलं मिळेल तेवढं बघायचा. आपण नारळ घेऊन जायचं, बुवा हो म्हणायचे, संपला विषय.

तरी गेलो कमलताईंकडे. कमल सबनीस. जन्म कलकत्त्याचा, शाळेत शिकवायच्या, वय माझ्याएवढंच. मराठी बोलायच्या, पण त्यात बंगाली मिसळलेलं. दार उघडल्या उघडल्या म्हणाल्या, "बसा. चहा खाणार?"

चहा खाल्ला. मग त्यांनी माझी उलटतपासणी सुरू केली. हॉल कुठला? पंखे आवाज करतात का? बुवांच्या आधी काय आहे? लहान मुलांची नाटुकली असेल तर नंतर बुवांना बसवणार नाही, लोक पांगतात. आणायला गाडी येणार की ट्रामनं या म्हणणार? गेल्या वर्षी एका ठिकाणी बुवांना शाल दिली आणि भर पावसात ट्रामच्या थांब्यावर सोडून दिलं, ते त्यांनी शांतपणे सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "विचार करून परवा सांगते."

मी घरी आलो तो तणतणतच. "गाणार बुवा आणि विचार करणार ही बाई?" मी बायकोला, मालतीला म्हणालो.

मालती म्हणाली, "परवाच सांगणार आहेत ना? थांबा की."

थांबतोय कसला! दुसऱ्याच दिवशी रविवार होता. मालतीनं केलेले चिरोटे डब्यात भरले आणि थेट बुवांच्या घरी. बुवांनी एक चिरोटा खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाले, "गणपतीसमोर गायचं? येतो की. नाही कसं म्हणू?"

बघा, किती सोपं होतं. वर मी म्हणालो, "कमलताईंना उगाच त्रास नको. मीच कळवतो त्यांना." बुवा म्हणाले, "बरं." मी अर्थातच कळवलं नाही. मंडळात मात्र छाती फुगवून सांगितलं की मॅनेजर-बिनेजर काही लागत नाही, माणसाकडे बोलायची हातोटी पाहिजे.

त्या हातोटीच्या भरात मी आमच्या मोठ्या साहेबांनाही आमंत्रण दिलं. मुखर्जीसाहेब सपत्नीक येणार. नव्या माणसाला साहेबांवर छाप पाडायची याहून चांगली संधी कुठली?

कार्यक्रमाची संध्याकाळ उजाडली. म्हणजे मावळली म्हणा. हॉल भरला. साहेब आणि त्यांच्या मिसेस पहिल्या रांगेत. तबलजी आला, पेटीवाले आले, बुवा नाहीत. मी टॅक्सी करून भवानीपूरला धावलो. बुवांच्या दाराला कुलूप. शेजारचे आजोबा म्हणाले, दुपारीच एक मोठी हिरवी गाडी आली आणि बुवांना घेऊन गेली.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात टेलिफोन होता. तिथून फोन कुणाला केला असेन? कमलताईंनाच. दुसरं होतं कोण मला?

सगळं ऐकून घेतलं त्यांनी. एक शब्द रागाचा नाही. म्हणाल्या, "हिरवी गाडी म्हणजे बालीगंजचे वकील. नातवाचं अन्नप्राशन असणार. तेही तुमच्यासारखे परस्पर गेले असतील बुवांकडे. दामले, तुमच्यासाठी संध्याकाळ मी मोकळी ठेवली होती. तुम्ही आलाच नाहीत परत."

मी रिसीव्हर कानाशी धरून नुसताच मान डोलावत होतो.

"आता हॉलवर जा. लोकांना चहा खायला द्या. मी बुवांना घेऊन येते."

हॉलवर आलो तर मुखर्जीसाहेब घड्याळ बघत होते. काय सांगणार? तोंडातून निघून गेलं, "बुवांचा घसा जरा बसलाय, म्हणून थोडा उशीर होतोय."

बंगाली माणसाला घसा बसल्याचं कधी सांगू नये हो. मिसेस मुखर्जी उठून उभ्याच राहिल्या. "ओ मा! ठांडा लेगेछे!" आणि त्यांनी ड्रायव्हरला गाडीतून साहेबांचा मफलर आणायला पाठवलं. भाद्रपदातल्या उकाड्यात गाडीत मफलर कसा, हे कलकत्त्यात कुणी विचारत नाही. तोवर बातमी मागच्या रांगेपर्यंत पोचली होती. कुणी लवंग काढली, कुणी ज्येष्ठमध. एक काकू आल्याचा रस आणायला घरी गेल्या.

अखेर टॅक्सी आली. बुवा हसत हसत उतरले आणि दारातच गर्दीनं त्यांना घेरलं. मिसेस मुखर्जींनी स्वतःच्या हातानं मफलर गुंडाळला, तोही कानांवरून. काकूंनी रस पाजला. ज्यानं जे दिलं ते बुवांनी तोंडात टाकलं. त्यांना काही कळत नव्हतं, पण नाही म्हणणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

मी जवळ जाऊन पुटपुटलो, "बुवा, तुम्ही मला हो म्हणाला होतात."

बुवांनी ज्येष्ठमध एका गालात सरकवला. "हो की. वकिलांनाही म्हणालो. सियालदहच्या रेल्वेवाल्यांनाही म्हणालो. अहो दामले, मला नाही म्हणता येत नाही. म्हणून तर ते काम कमलला दिलंय."

एवढ्यात टॅक्सीवाल्याला वाटेला लावून कमलताई आल्या. वकिलांकडे बुवांचा एक राग संपेपर्यंत थांबून, यजमानांना न दुखवता त्यांनी बुवांना उठवलं होतं. तिथूनच सियालदहला फोन करून त्या मंडळींना पुढचा रविवार दिला होता, आणि ती मंडळी वर आभार मानत होती. मी कस्टमातला माणूस, वाटाघाटी रोज बघतो. असं काम मी पाहिलं नव्हतं.

त्यांनी बुवांकडे एकदा पाहिलं. मिसेस मुखर्जींना बंगालीत गोड शब्दांत काहीतरी सांगितलं, मफलर सोडवून त्यांच्या हातात दिला आणि बुवांना म्हणाल्या, "बुवा, तोंडातलं सगळं थुंकून या. तानपुरे लागलेत."

आणि बुवा गायले. काय गायले म्हणून सांगू. पहिल्याच आलापात साहेबांचं घड्याळ खिशात गेलं. तार सप्तकातला षड्ज असा लागला की टाळी वाजवायचंसुद्धा कुणाला सुचेना. कमलताई मात्र बाजूला उभ्या राहून पंख्याकडे बघत होत्या. तो कुरकुरायला लागल्याबरोबर त्यांनी बंद करवला.

मिसेस मुखर्जी पुढे सगळ्या कलकत्त्याला सांगत सुटल्या की बुवांचा बसलेला घसा आमच्या यांच्या मफलरनं मोकळा झाला. साहेब माझ्यावर खूश. मी वाचलो, पण कुणामुळे वाचलो ते मला माहीत होतं.

पुढच्या वर्षी मी मुकाट्यानं कमलताईंच्या दारात. चहा खाल्ला, सगळ्या प्रश्नांची उत्तरं दिली. त्या म्हणाल्या, "बुवा येतील. फक्त मंडळानं एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कार्यक्रम होईपर्यंत दामल्यांनी बुवांशी बोलायचं नाही."

"पण दामले म्हणजे मीच," मी म्हणालो.

"माहीत आहे. म्हणून तुमच्यासमोरच सांगते."

मंडळाच्या बैठकीत चिटणीस या नात्यानं ही अट मलाच वाचून दाखवावी लागली. ती एकमतानं मान्य झाली. अनुमोदन मालतीनं दिलं.